घट

लकडगंजात, वेलजीभाईंच्या वखारीत
बावीस वर्षं मी घट लिहितो.
किती बांबू आले, किती गेले,
किती उभ्या उभ्या पीठ झाले.

दुपारी आरा थांबला की ऐकू येतं,
कुर्र, कुर्र,
कोणी पदराआड पापड खावा तसं.
पेरांतून पांढरी भुकटी गळते
खतावणीवर, चष्म्यावर, डब्यातल्या भातावर.

झनकलाल उईके म्हणतो,
चांदण्यात तोडला माल, बाबूजी,
चांदण्यात बांबू गोड होते.
अंधाऱ्या पाखात तोडा म्हनलं होतं.
पन ट्रकला कायचा पाख?

त्यानंच मला दाखवला तो.
मुंगीएवढा, पण मुंगी नव्हे;
मान तांबडी, पाठीवर फिकट पट्टा.
भोकापाशी थांबला, मिशा हलवल्या,
वसुलीवाला उंबऱ्यावर रेंगाळतो तसा,
आणि शिरला आत.

घुण आपल्या गणगोताला वासानं बोलावते,
उईके सांगतो,
या रे, इथं मऊ आहे.
ते आवतन यालेबी पोचते.
हा येते पंगतीले,
पन बांबू खात नाही.

पेंचच्या जंगलात रोजंदारीवर असताना
सालीखालच्या नक्ष्या वाचायचा तो,
मी इंग्रजी बिलं वाचतो तशा:
अडखळत, पण बरोबर.

वेलजीभाईंच्या कानावर घातलं.
ते हसले. याला पगार कोण देणार?
सोमवारी फवारणीवाले ठरले.

रविवारी रात्री उईकेनं तीन कांडकी
ओल्या पोत्यात गुंडाळून कॅरियरला बांधली.
मी गेटपास फाडला:
जळाऊ, तीन नग.
बावीस वर्षांतलं पहिलं खोटं.
बरं, दुसरं.

मंगळवारी ताडपत्रीवर दोघेही पडलेले,
खाणारा आणि खाल्ला जाणारा,
झाडूनं एकाच सुपलीत.
वखार इतकी गप्प
की वेलजीभाईंनी सगळ्यांना ताक पाजलं.

नवतपा लागला.
कूलरचा पंखा नुसता गरम हवा ढकलायचा.
आणि एका दुपारी, आधी एका पेरातून,
मग अख्ख्या थप्पीतून:
कुर्र.
भोकांपाशी मी खूप वेळ बसलो.
तांबडी मान एकही नाही.

उईके फाटकाशी सायकलची हवा तपासत होता.
कॅरियरवर ओलं पोतं.
काही बोलला नाही,
मीही विचारलं नाही.
आवकेचं बुक उघडलं, भुकटी फुंकली,
लिहिलं:
जळाऊ, तीन नग.
शेऱ्याच्या रकान्यात
थोडा वेळ पेन टेकवून ठेवलं.