एकाचा फरक

उणे चौदा. पेनातल्या शाईने मागच्या वर्षी दगा दिला,
म्हणून यंदा पेन्सिल. वही माझ्याकडे,
कारण मला पक्षी ओळखता येत नाहीत
पण अक्षर बरं आहे, असं रौशन आपाय म्हणतात.
शाळेत आम्ही बाईंना आपाय म्हणत असू.
तीस वर्षं त्यांनी रसायनशास्त्र शिकवलं, मलाही.
त्यातलं अक्षर तेवढं उरलं.

सायरान तलावावर सकाळ अजून पुरती झालेली नाही.
दक्षिणेला डोंगर आहेत. आज नुसतं म्हणायचं.
अल्माटीच्या कोळशाने त्यांना कमरेपासून खाली पुसलंय,
वर बर्फाची कड, वाळत घालून विसरलेल्या धोतरासारखी.
काठचं पाणी गोठलंय. मधे एक काळी खिडकी उघडी,
आणि तिच्यात शहरभरची बदकं दाटीवाटीने,
पंगत उठायची वाट बघत असल्यासारखी.

मोजतात गेरमान त्सोय. ट्रॉलीबसवर कंडक्टर होते
तेव्हाचं पोलादी यंत्र अजून मुठीत:
अंगठा दाबला की एक माणूस चढला.
टिक्. टिक्. टिक्टिक्.
"हिरव्या मानेचे एकशे अडतीस. चांदवे चाळीस.
थापट्या चार... थांब, पाच."
टिबुकलीशी मात्र त्यांचं जुनं वैर.
मोजायला गेलं की बुडी,
आणि वर येते ती भलत्याच थांब्यावर, बिनतिकीट.

आपाय दुर्बिणीतून वेगळं मोजतात. त्यांचा नियम:
दोन आकडे जुळेपर्यंत चहा नाही.
थर्मास माझ्या कोटात आहे. मी त्याला बिलगून उभी.

एकाचा फरक येतो.
पुन्हा मोजतात.
पुन्हा एकाचाच.

तेवढ्यात घसरगाडी ओढत येरासिल आला,
नाकाखाली दोन गोठलेल्या रेघा, मागे लोंबत्या कानांचा कुत्रा.
"आजी, यांचे पाय गोठत नाहीत?"
आपायनी दुर्बीण खाली घेतली. फळा नव्हता,
काठीने बर्फावरच दोन रेघा ओढल्या:
ही गरम रक्ताची, खाली जाणारी. ही गार, वर येणारी.
दोघी अगदी लागून जातात. जाता जाता ही तिला ऊब देते.
"म्हणजे पाय गारच?"
"गारच. गोठू देत नाहीत, इतकंच."
पोरगा आपल्या बुटांकडे बघत राहिला,

आणि कुत्रा सुटला.
काळी खिडकी अख्खीच्या अख्खी उठली,
पाण्याचा, पंखांचा, शिव्याशापांचा एकच गलका,
आणि एक बदक उरलं.
लव्हाळ्याच्या कडेला, मान पाठीत खुपसून,
मागच्या वर्षी होतं तसं. त्याच्याही मागच्या.
कुत्र्याने हुंगलं. दातात धरून हिसडा दिला.
पोटाखाली दोरी, दोरीला शिशाचा गोळा.

त्सोयनी ते हातात उलटंपालटं केलं.
प्लास्टिक. शिवणीत शेवाळ.
कुण्या शिकाऱ्याचं फसवं बदक, कुठून वाहत आलेलं.
"तीन हिवाळे याला धरलं मी."
"मीही. आजच नाही धरलं. आज वाटलं,
इतकं निवांत कुणी झोपत नाही."

मग जुन्या वह्यांचं काय?
खोडायचं, आपाय म्हणाल्या. तिन्ही वर्षांतून एक वजा.
खोडा, त्सोय म्हणाले. पण याच्या भरवशावर
जी बाकीची इथे उतरली, ती तर खरी होती ना?
आपाय गप्प. प्रश्न बरोबर असला
की त्या वर्गातही अशाच खिडकीबाहेर बघायच्या.

वर बदकांचा थवा घिरट्या घालतोय. उतरायला धजत नाही.
त्सोय गुडघ्यावर बसले, दोरीचा गुंता सोडवला,
आणि काही न विचारता
त्याला लव्हाळ्याशी परत पाण्यात सोडलं.
"गेरमान," आपाय म्हणाल्या. पुढे काही नाही.

पहिलं बदक उतरलं. मग तिघं. मग मोजता येईनात इतकी.
त्सोयनी यंत्र शून्यावर फिरवलं.
मी पान उलटलं.
चहा अजून नाही.