तुरळक ठिकाणी

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी
गल्लीतले सगळे मोबाईल एकदम किंचाळले.
शकिलाच्या उशीखालचा, वाण्याच्या गल्ल्यावरचा,
आणि काच तडकलेला माझा,
मशीनच्या फळीवर थरथरत
पार सुईपर्यंत सरकत आलेला.

चेन लावत होते. पाय थांबवला, वाचलं:
ठाणे जिल्ह्यात तुरळक ठिकाणी
अत्यंत मुसळधार. रंग लाल.

रंग मला ठाऊक होते.
मे महिन्यात आपत्ती कक्षाची एक पोरगी,
रेवती, घामाघूम होऊन आमच्या पायऱ्या चढली होती.
पिवळा म्हणजे कान उघडे ठेव, मावशी,
नारिंगी म्हणजे पिशवी भर,
लाल म्हणजे पिशवी उचल.
एवढं सांगून दोन तांबे पाणी प्यायली.

पण तुरळक?
तुरळक म्हणजे कुठं?

धर्मू पेंटर दारातूनच म्हणाला,
तुरळक म्हणजे दुसरीकडं.
गेल्या साली तीनदा लाल झालं, तीनदा खाली उतरलो,
पत्र्यावरची वीटसुद्धा हलली नाही.

किती पडणार म्हणे?
शकिलाच्या पोरानं बघून सांगितलं,
दोनशे चार मिलिमीटरच्या वर.
मी टेप उलगडली.
आठ इंच.
आठ इंच म्हणजे ब्लाउजची बाही,
कोपराच्या वरच थांबणारी.
एवढंच होय!

मग मागच्या खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसला
आणि ती बाही मी त्या अख्ख्या डोंगराला लावून बघितली.
बेतणं हा आमच्या धंद्यातला शब्द.
जिवावरही तोच बेततो.

मोरीचं दार चार दिवस लागत नव्हतं.
मी म्हणत होते, पावसानं फुगलंय.
दार पत्र्याचं आहे.

त्यानंतर मी फार विचार केला नाही.
रेशनकार्ड, बीपीच्या गोळ्या, टॉर्च, चणे,
लोकांचे सहा ब्लाउज, दोन बिनहुकांचे,
कारण ते माझे नव्हते.
मेन स्विच पाडला.
मशीन उचलणारं नव्हतं. त्याच्यावर चादर टाकली,
बॉबिन तेवढी काढून कनवटीला लावली.

दगडूतात्या शेळीशिवाय हलेनात.
म्हटलं, शेळीला कोण नको म्हणतंय?
धर्मूशी वाद घातलाच नाही.
पत्ते खेळायला चौथा कमी आहे म्हटलं,
तर चप्पल घालून मुकाट आला.

महापालिकेच्या शाळेत, दुसरीच्या वर्गात,
भिंतीवर तेराचा पाढा, खाली शेळी,
आणि बाहेर पाऊस असा
की शेजारच्याला हाक मारायची तर हात लावावा लागे.
रात्री धर्मू दोनदा उठला.
चार्जर राहिलाय, पाच मिनिटांत येतो.
दोन्ही वेळा मी दारात पाय आडवा टाकून निजल्याचं सोंग केलं.
शिव्या घातल्या त्यानं. ओलांडलं नाही मात्र.

सकाळी डोंगर होता तिथंच.
आमची ओळ उभी.
मशीनवरची चादर कोरडी.
धर्मू मोठ्यानं हसला, बघ, म्हटलं नव्हतं, दुसरीकडं!

असेल. पडलं असेल कुठंतरी.
तिथल्या माणसाला कुणी तुरळक म्हणत नसेल.

मोरीचं दार लावून बघितलं.
परवा फटीत एक बोट जात होतं, आज दोन जातात.
भिंतीला बारीक भेग, वरून खाली, तिरकी,
चुकून कात्री गेल्यासारखी.
कापडावरचा निळा खडू घेतला,
भेगेच्या दोन्ही टोकांना रेघा मारल्या,
शेजारी तारीख टाकली.
पिशवी खुंटीला अडकवली, भरलेलीच.

हसणं थांबलं होतं.
धर्मू रेघांपाशी वाकून उभा,
रंगाच्या डागांचं बोट भेगेवरून फिरवत.
बराच वेळ.
मग म्हणाला,
त्या पोरीचा नंबर आहे का तुझ्याकडं?