झालं की सांगा

सेव्हन हिलच्या पुलापाशी, टायरच्या दुकानाला लागून
जे एटीएम आहे, त्याच्या दाराला कडी नाही.
एसी आहे, आणि तो चालतो.
एप्रिलात रात्री साडेअकरालाही
जालना रोडचं डांबर चपलेला धरून ठेवतं
आणि आत, काचेच्या पेटीत,
कुणाच्याच नावावर नसलेला गारवा.

तिथं प्रयागबाई झोपायची.
मशीन आणि भिंत यांच्या सांदीत,
सिमेंटच्या रिकाम्या पोत्यावर.
एक चप्पल उशाला, एक पायात.
"एकच चप्पल कोण चोरतंय, बाप्पा?"

पहिल्या रात्री मी दारातूनच परत फिरलो.
दुसऱ्या रात्री रिक्षापुरतेही खिशात नव्हते,
म्हणून गेलो आत.
आकडे दाबताना डाव्या हाताची वाटी धरली,
फलकावर बँकेनं लिहिलंय तशी.
मागं पोतं कुरकुरलं.
वळून पाहिलं तर
बाईनं भिंतीकडं तोंड केलेलं,
पदर पार कपाळावरून खाली ओढलेला,
एका खोलीच्या घरात कुणी न्हायला बसलं की
बाकीचे पाठ फिरवतात, तशी.

"काढा तुम्ही," ती भिंतीला म्हणाली,
"झालं की सांगा."

मी काही सांगितलं नाही.
नोटाही रस्त्यावर येऊन मोजल्या.

पुढं ओळख झाली,
म्हणजे ओळखीसारखं काहीतरी.
मी काच ढकलायच्या आत ती सांगायची,
"शंभराच्या सरल्या. पाचशेच हायेत."
मशीनच्या पोटातल्या खडखडीवरून कळायचं तिला,
गुरांत जन्म गेलेल्या बाईला
रवंथावरून दुखणं कळावं तसं.
गाव विचारलं तर म्हणाली, "सेलूकडचं."
'कडचं'वर जोर होता.
मी पुन्हा विचारलं नाही.

लोक पावत्या तिथंच टाकून जातात.
ती उचलायची, गुडघ्यावर सरळ करायची,
दोऱ्यानं बांधून ठेवायची.
दीड-दोन महिन्यांत पावतीवरची शाई आपोआप उडते.
तुमची शिल्लक, तारीख, वेळ,
सगळं पांढरं.
मी घाटीसमोर औषधाच्या दुकानात आहे, हे कळल्यावर
तिनं एक गठ्ठाच दिला.
"दोन्हीकून कोरं हाय. मपल्या काय कामाचं?"

तेव्हापासून गोळ्यांच्या वेळा मी त्यावर देतो.
ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी
सकाळच्या गोळीला सूर्य काढतो,
रात्रीच्या गोळीला चंद्रकोर.
दुपारचं चित्र मला अजून जमलेलं नाही.

पहिल्या रात्री दारातूनच परत फिरलो,
हे मी अर्धंच सांगितलं.
परत फिरून, टायरच्या दुकानाच्या पायरीवर उभा राहून
फलकावरच्या नंबरला फोन लावला होता.
मराठीसाठी दोन दाबलं.
म्हणालो, आत कुणीतरी आहे.
बाईमाणूस आहे, हे म्हणालो नाही.
झोपलंय, हेही नाही.
तक्रार क्रमांक आला. विसरून गेलो.

मे संपता संपता, दुकानात गर्दी असताना
मोबाईल वाजला:
आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.
आपल्या समाधानासाठी एक ते पाच तारे द्या.

आता रात्री दहाला तिथं शटर पडतं.
टायरवाला म्हणाला, पोतं तेवढं माझ्याकडं आहे,
पंक्चरच्या टपात हात बुडवतच म्हणाला,
आली तर देईन.
पुलाखाली पाहिलं. बाबा पंपाकडं पाहिलं.
किती पाहिलं म्हणायचं? दोन रात्री.

काल एक बाई खोकल्याचं औषध न्यायला आली,
फुलंब्रीची असावी, कडेवर पोरगं.
गठ्ठ्यातली वरची पावती ओढली
तर शाई पुरती गेलेली नव्हती.
खाते शिल्लक: रुपये दोनशे अकरा.
खात्याचे शेवटचे चार आकडे
माझेच.

बाई वाट बघत होती.
मी पावती उलटी केली
आणि सूर्य काढला.