दुसरा डोळा

पहिला डोळा जमतो.
वरची कमान जाड, टोकाशी किंचित उचललेली,
खालची रेघ नुसती टेकवल्यासारखी,
मधे लांबट बुबुळ, पापणीखाली थोडं दडलेलं.
जमतो.
मग दुसरा काढायला जाते
आणि तो नाकापासून दूर पळतो,
नाहीतर गालावर घसरतो,
किंवा पहिल्याकडे संशयाने बघत बसतो
हिशेब न जुळलेल्या भागीदारासारखा.

तेवीस वर्षं कुशिरोच्या धक्क्यावर
पहाटे तीनला मी मासळीचे डोळे तपासले.
फुगीर, काळाभोर, कडेला ओला: घ्या.
आत बसलेला, दुधाळ: परत पाठवा.
सामन असो, सान्मा असो,
खवल्यांना हात लावायच्या आधी डोळा बोलतो.
इतके डोळे पाहिले,
काढला एकही नव्हता.

शिकवतो इत्सुकी. वय चौदा.
वरच्या मजल्यावरच्या मिनेगिशी बाईंचा मुलगा,
एप्रिलपासून शाळेत गेलेला नाही.
आई डबाबंद माशांच्या कारखान्यात जाते
तेव्हा दुपारभर माझ्याकडे असतो.
कारण मी विचारलं नाही.
तो माझ्याकडे बघत नाही. कपाकडे बघतो,
पेन्सिलच्या टोकाकडे, खिडकीतल्या धुक्याकडे,
आणि सांगतो, "चमक काढायची नसते, मावशी.
सोडायची असते. तेवढा कागद कोरा ठेवायचा."
किती?
"भाताच्या शिताएवढा, वर डावीकडे.
खाली उजवीकडे अजून एक, तिळाएवढा.
आधी ठरवा, उजेड कुठून येतोय."

उजेड कुठून येतोय?
जूनपासून इथे धुकंच.
पूर्वी बंदरावर भोंगा तरी वाजायचा, तोही बंद केला.
उजेड सगळीकडून येतो,
म्हणजे कुठूनच नाही.
मी स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटकडे बोट दाखवते.
तो मान हलवतो. चालेल.

पेन्सिल मी सुरीसारखी धरते म्हणे.
खरं आहे. कागद दोनदा फाटला.
"हा बांगडा आहे," तो पहिल्या दिवशी म्हणाला,
"आणि शिळा."
हसलो दोघंही. मी मोठ्याने, तो कपात.

मग मी युक्ती काढली: केसांची बट.
दुसऱ्या डोळ्यावरून थेट हनुवटीपर्यंत.
वीस मुली काढल्या, वीसही जणी
जगाकडे काणाडोळा करणाऱ्या.
त्याने पान उचललं, दिव्यासमोर धरलं,
मागच्या बाजूने पाहिलं.
"असं पाहिलं की चूक दिसते.
केसांमागेही डोळा असतोच, मावशी.
आधी काढा. मग झाका."
त्याची स्वतःची बट
तेव्हा नाकापर्यंत आलेली होती.
मी बोलले नाही काही. डोळेझाक म्हणा.

निवृत्त झाले तरी दोनला जाग येतेच.
पुन्हा डोळा लागत नाही, मग गिरवते.
दुसरा आधी काढून पाहिला,
तर पहिला बिघडला.
हात बसायचाय अजून.
घरखर्चाच्या वहीत काल लिहिलं, सान्मा चार,
तर अक्षरांखालून एक पापणी उमटली,
आदल्या पानावर दाबून काढलेली, बिनरंगाची.

ते चार सान्मा आज ओट्यावर होते.
इत्सुकी वाकला, नाक जवळजवळ माशाला टेकलं,
बराच वेळ डोळा बघत राहिला.
"यात चमक एकच आहे," म्हणाला,
आणि उजेड नक्की कुठून येतोय ते बघायला
मान वर केली.
ट्यूबलाइट माझ्या मागे होती.

मधे मी होते.
एवढंच.
पुन्हा खाली वाकला तो, पेन्सिल मागितली.
मी देऊन टाकली,
आणि बघायचं राहूनच गेलं
की चमक वर डावीकडे होती
का उजवीकडे.