कदेया

सेतुबालच्या बंद पडलेल्या सार्डिन कारखान्यात
दर मंगळवारी संध्याकाळी माझा वर्ग भरतो.
वर्ग म्हणजे अकरा माणसं, नऊ संगणक
आणि भिंतीतून अजून न गेलेला माशांचा वास.
दुसरा वर्ग, पाठ सातमधला,
त्याबद्दल मी अजून कुणाला काही बोललेलो नाही.

पहिल्या दिवशी शिकवलं: छाप.
झुल्मिरानं छापलं, आणि उठून
कोपऱ्यातल्या प्रिंटरपाशी जाऊन उभी राहिली,
पावाच्या दुकानात उभं राहावं तशी, हात पुढे करून.
मी म्हटलं, अहो, पडद्यावर.
ती म्हणाली, मग 'दाखव' म्हणा की.

खरंच, का नाही म्हणत?

ओदीलियानं एकतीस वर्षं इथेच डबे मोजले.
क्ष बरोबर क्ष अधिक एक:
तिनं चष्मा काढला, पुसला, परत बघितलं.
"असा हिशेब मी दिला असता
तर त्याच दिवशी घरी बसवलं असतं."
मी सांगू लागलो, हे बरोबर म्हणजे ते बरोबर नव्हे,
ते बरोबर दोनदा लिहितात,
आणि सांगता सांगता विचारून बसलो,
बरोबर ना?
"कुठलं?" ती म्हणाली.

आज पाठ पाच. अक्षरांची माळ.
आमच्या भाषेत तिला कदेया म्हणतात,
म्हणजे साखळी.
म्हणजे तुरुंगही.
सतरा वर्षं हा शब्द फळ्यावर लिहितोय,
खडू कधी अडखळला नाही.
आज पुढच्या बाकावर बेल्मिरू होता,
चार वर्षं आत काढून मार्चमध्ये सुटलेला.
"तुमचं नाव घाला तिच्यात,"
पुस्तकात असंच लिहिलंय,
तेच मी म्हणून गेलो.

कुणी हसलं नाही.
त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही.
दोन अवतरणचिन्हं टाइप केली,
एक उघडणारं, एक मिटणारं,
मध्ये काहीच नाही.
"हे चालतं?"
चालतं, मी म्हटलं, हिला म्हणतात रिकामी...
पुढचा शब्द तोंडातच राहिला.
त्यानं लांबी विचारली. मला नाही, यंत्राला.
शून्य.

बाहेर त्रोयाहून आलेली फेरीबोट धक्क्याला लागत होती.
तो त्या शून्याकडे बघत बसला,
मी पाठ सहाचं पान उलटलं नाही.
झुल्मिरा त्याच्या खांद्यावरून डोकावली.
"छाप की."
त्यानं छापलं.
पडद्यावर एक कोरी ओळ.
"आली?"
"आली," तो म्हणाला.