संयोगचिन्ह

पर्वरीच्या कचेरीत माझं टेबल
खिडकीपाशी नाही, झेरॉक्सच्या मशीनपाशी आहे.
आवक-जावक.
आज सकाळी आवकमध्ये आमचीच फाइल आली.
दिल्लीहून. चौथ्यांदा.

पाठवताना दोऱ्याची गाठ मीच मारली होती,
रेडकाच्या गळ्याला मारतात ती, बापाने शिकवलेली.
गाठ तशीच होती.
वर मात्र टाचणीने शेरा:
धनगर आणि गवळी, एक की दोन?
मधल्या रेघेचा खुलासा करावा.

मधली रेघ.

पात्रांवच्या कुळागरात शेणखताच्या पाट्या ओतल्या
तेव्हा आम्ही धनगर होतो.
वाळपईच्या बाजारात दुधाचं माप पुढे केलं
तेव्हा गवळी.
म्हशी त्याच होत्या, त्यांना कुणी विचारलं नाही.
फिरंग्यांच्या शिपायाने घाटात अडवून दरडावलं,
कुठले रे तुम्ही, अलीकडचे की पलीकडचे?
आजा म्हणाला, गवताचे.
त्याबद्दल एक रात्र चौकीत काढली त्याने,
आणि सकाळी शिपायाच्या चहाला दूध आमचंच होतं.

मग फिरंगी गेले. सदुसष्टच्या जानेवारीत
नवं सरकार विचारायला आलं:
महाराष्ट्रात जायचं, की आपलं आपण राहायचं?
फूल की दोन पानं?
बाप बारा मैल चालत गेला मत द्यायला, घोंगडी पांघरून.
कशावर शिक्का मारला ते मरेपर्यंत बोलला नाही.
एवढंच म्हणायचा,
आपली मोरी असती तर दोन्ही चरून आली असती.

पुढे राज्य झालं. रान अभयारण्य झालं.
मोरीच्या नातींना रानात शिरायला पास लागला.
यादी निघाली तेव्हा
शेजारचे गावडे, वेळीप तिच्यात गेले.
बरंच झालं. त्यांच्या लग्नांत दही अजून आम्हीच पोचवतो.
फक्त शाळेत एका बाकावरची दोन पोरं
आता वेगवेगळे फॉर्म भरतात,
आणि माझा भाचा मास्तरांना विचारतो,
"इतर" म्हणजे कोण?

मागे एक साहेब पाड्यावर आले होते, तपासायला.
त्यांच्याकडे रकाने होते:
आदिम खुणा. वेगळी संस्कृती. दुर्गम वस्ती.
मागासलेपण. बुजरेपणा.
ठकूआतेने त्यांना ताक दिलं,
पगार किती विचारला, मुलं किती,
पायातले बूट केवढ्याला घेतले तेही.
साहेबांनी लिहिलं: बुजरेपणा आढळला नाही.
दसऱ्याला बिरोबापुढे कोण नाचतं, विचारलं.
जानू झोरे उन्हातान्हात गजा नाचून दाखवायला उभा राहिला,
ढोल नव्हता, म्हणून डब्यावर.
साहेबांनी फोटो काढला. तो फाइलमध्ये आहे, पान एकेचाळीस.
जानू डोळे मिटून आहे.

जीप उतारावरून गेल्यावर
आते गोठ्यात जाऊन बसली.
दोन दिवस कुणाशी बोलली नाही.
हे कुठल्याच पानावर नाही.

आमचे साहेब भले आहेत.
म्हणाले, तुमचा दावा खरा आहे हो, होईल कधीतरी.
मी मान हलवली.
आमच्याकडे खुंट्यापासून गळ्यापर्यंत जाणाऱ्या रेघेला
दावं म्हणतात.
दाव्याला बांधलेलं जनावर उपाशी मरत नाही,
धन्याला आठवण असली तर.

खुलासा काय करू?
रेघेच्या एका बाजूला आजा, दुसऱ्या बाजूला आजी, असं लिहू?
एका शब्दात जनावर आहे, दुसऱ्यात त्याचं दूध,
असं लिहू?
की उलट विचारू, घटनेत तुमच्या रेघा किती आहेत,
आणि कुणी कुणी ओढल्या?
असलं काही कचेरीत लिहीत नाहीत.
लिहिलं: विनंती की, पुनर्विचार व्हावा.

बारा प्रती काढायच्या होत्या. मशीनची शाई संपत आलेली.
शब्द उमटले, धनगर उमटला, गवळी उमटला,
मधली रेघ एकाही कागदावर नाही.

जेवायची सुट्टी झाली होती. सगळे कॅन्टीनला गेले.
मी पेन घेतलं,
बाराही प्रतींवर हाताने ओढली.
एक जरा लांब झाली.