नाव क्रमांक सात

तिघऱ्याच्या बोट क्लबनं भंगारात काढलेली,
तीन हात बदलून ती आमच्या दारात आली
ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, उताणी.
शिंदे की छावणीतली ती अरुंद गल्ली अडली,
आणि स्कूटरवरचा एकजण ओरडला,
"क्यों भाई, बाढ़ आनेवाली है क्या?"

तात्यांनी तिच्या कुशीवरून तळवा फिरवला,
मला दाखवला. पांढरा.
"खडू झालाय," म्हणाले.
त्यांना हल्ली रंग ओळखू येत नाहीत,
मोतीबिंदू पिकायची वाट बघत बसलेत दोन वर्षं,
पण हात अजून दुकानाचा मालक आहे.

मी स्प्रे गन काढली होती, कंप्रेसर लावला होता.
दोन हात मारायचे, संध्याकाळी मोकळं.
"ठेव ते," म्हणाले. "हा गाडीचा पत्रा नाही.
गाडीला अंगावर रंग देतात.
हिच्या साच्यात आधी रंग, मग त्यावर अंग.
रंग आहेच, चिंगे.
वरचं मेलेलं तेवढं काढ."

म्हणून पेन्सिलीनं फुल्या मारल्या सगळ्या कुशीभर,
आणि पाण्यात भिजवलेला आठशे नंबरचा कागद
फुल्या जाईपर्यंत.
मग पुन्हा फुल्या. हजार.
पुन्हा फुल्या. पंधराशे.
हरगोविंद पाणी सोडायचा, मी घासायचे,
गटारात दूध वाहिल्यासारखं व्हायचं,
आणि समोरचा दूधवाला न हसता म्हणायचा,
"माझ्यापेक्षा दाट आहे."

मे महिना. शेहेचाळीस.
दगडी भिंत दुपारी उगाच हात लावायची नाही.
पुढच्या टोकाला मी जरा जोर दिला
तोच खाटेवरून आवाज आला, "थांब."
"काय झालं?"
"घासण्याचा सूर बदलला."
बघते तर खरंच, रुपयाएवढ्या जागेत
काचेचे धागे वर आलेले,
फाटल्या रजईतून कापूस दिसावा तसे.
ते रागावले नाहीत.
रागावले असते तर बरं झालं असतं.

नंबरची पट्टी उचकटली त्या दिवशी
खाली एक फिरोजी तुकडा निघाला,
ओला असल्यासारखा.
अठ्ठावीस वर्षं त्याला ऊन माहीत नव्हतं.
मी तात्यांना सांगू लागले कसा रंग आहे,
मोर म्हटलं, नीलकंठ म्हटलं, जमेना.
शेवटी म्हटलं, आईच्या त्या इंदूरच्या साडीचे काठ.
"हं," म्हणाले,
आणि चहा थंड झाला तरी घेतला नाही.

गिऱ्हाईक तोमर, झाशी रोडला त्यांचं मॅरेज गार्डन.
हिच्यात बर्फ, बर्फात मटकी, पाणीपुरी, जलजीरा,
वर दिव्यांच्या माळा.
"दूसरी साइड रहने दो," ते म्हणाले,
"दीवार से लगेगी."
तात्या हो म्हणाले
आणि ते गेल्यावर मला म्हणाले, "उलटी कर."
दुसरी कूस झाली. मग तळ.
तळ कोण बघणार, मी विचारलंच नाही.
मजुरी तेवढीच होती.

शेवटी कंपाऊंड, बफ, मेण.
पट्टीची जागा आणि बाकीचं अंग
आता एकमेकांना ओळखतात, जवळजवळ.
सात हा आकडा मात्र गेला नाही.
तिरकं पाहिलं तर दिसतो.

न्यायच्या आदल्या रात्री तात्यांनी
नळाची पाइप तिच्यात सोडायला सांगितली.
गळते का बघू, म्हणाले.
बर्फ ठेवायला गळतीची पर्वा कुणाला,
पण छावणीत पाणी एक दिवसाआड,
आणि त्या रात्री होतं.
काठोकाठ नाही, गुडघ्याएवढं भरलं.
दोन टायरांवर ती बसलेली, आत तिघऱ्याचंच पाणी,
नळावाटे आलेलं.
गल्लीतली चार पोरं चपला काढून आत,
हरगोविंदही पँट वर करून.

तात्यांनी बाहेरून कान लावला तिला.
किती वेळ.
मी विचारलं, गळते का?
त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.